सहा महिन्यांत इंटिरिअर डिझायनर?

मापपट्टी :
बारावी झालेल्या मुलांना उद्देशून या मंचावर एका सदस्याने परवा लिहिले की, इंटिरिअर डिझाइनच्या पदवीवर चार वर्षे आणि वडिलांचे पैसे घालवू नका, सहा महिन्यांत ऑटोकॅड आणि स्केचअप हे नकाशे-चित्रे काढायचे प्रोग्रॅम शिका, नात्यातले दोन फ्लॅट करा, पुढची कामे आपोआप चालत येतील. या सल्ल्याचे इथे जे कौतुक झाले ते पाहून मला गप्प बसवेना.

मी २२ वर्षे पुण्यात हा व्यवसाय करते. मागच्या वर्षी एक कुटुंब माझ्याकडे दुरुस्तीसाठी आले, तेव्हा त्यांच्या घराचे काम होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. आधीच्या डिझायनरने त्यांना दाखवलेली संगणकावरची चित्रे खरोखरच देखणी होती. पण रोजचा स्वयंपाक करणाऱ्या आजींची उंची ४ फूट १० इंच आणि ओटा ३५ इंचांचा, त्यामुळे पोळ्या लाटायला त्यांना पाटावर उभे राहावे लागे. सिंकखालचे कपाट पाण्यात न टिकणाऱ्या साध्या एमआर प्लायचे असल्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात फुगले होते. फ्रिजचे दार उघडले की आत जायची वाट बंद होई. यांतली एकही चूक सॉफ्टवेअर दाखवून देत नाही.

आमच्या पहिल्या वर्षी शिक्षकांनी आम्हांला घरी जाऊन आईच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजून आणायला लावली होती. सगळी मापे फळ्यावर मांडल्यावर जो फरक दिसला, तो मी आजतागायत विसरलेले नाही. अहमदाबादच्या सेप्ट या वास्तुकला-डिझाइनच्या संस्थेने १९९१ साली इंटिरिअर डिझाइनचे स्वतंत्र शिक्षण सुरू केले, ते प्रोग्रॅम चालवायला शिकवण्यासाठी नव्हे. तिथे किंवा आपल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत मुलांचा नकाशा चारचौघांत तपासला जातो, 'हे असे का?' याचे उत्तर द्यावे लागते आणि देता आले नाही तर पुन्हा काढावा लागतो. सहा महिन्यांच्या वर्गात हा प्रश्न विचारायला कोणालाही वेळ नसतो.

रंधा_पटाशी :
ताई, त्या आजींना झालेला त्रास मला समजतो, पण दोष तुम्ही चुकीच्या ठिकाणी देत आहात. माझे वडील कोल्हापुरात मिस्त्री होते आणि दहावीनंतर मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. एका नामवंत महाविद्यालयाच्या पदवीधराने आम्हांला कपाटांचे ड्रॉइंग दिले होते, त्यात प्रत्येक फळी २५ इंच खोल होती. प्लायचा ताव ८ बाय ४ चा येतो, म्हणजे ४८ इंच रुंदीत करवतीची जाडी वजा जाता पावणेचोवीस इंचांच्या दोन पट्ट्या निघतात आणि २५ इंचांची एकच. वडिलांनी हे नम्रपणे सांगितले, तेव्हा 'ड्रॉइंगप्रमाणे करा' एवढेच उत्तर मिळाले. जवळजवळ दुप्पट प्लाय लागले आणि मालकाने उधळपट्टीचा ठपका वडिलांवर ठेवला. चार वर्षांत त्या मुलाच्या हाती कोणी एकदाही करवत दिली नव्हती.

प्रसिद्ध इंटिरिअर डिझायनर सुनीता कोहली यांचे शिक्षण इंग्रजी साहित्याचे होते. त्यांनी राष्ट्रपती भवनाच्या अंतर्भागाचे काम केले आणि १९९२ साली पद्मश्री मिळवली. पदवीवाचून हे काम जमतच नाही, असे त्यांच्यासमोर कोण म्हणेल?

मापपट्टी :
पदवीवाचून जमत नाही असे मी कुठेही लिहिलेले नाही. सहा महिन्यांत जमत नाही असे लिहिले आहे. तुम्ही वडिलांच्या हाताखाली किती वर्षे काढलीत?

रंधा_पटाशी :
नऊ.

कॉलम_बीम :
मी वास्तुविशारद आहे आणि कायद्याची बाजू इथे कोणीच मांडत नाही म्हणून लिहितो. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार 'आर्किटेक्ट' ही उपाधी नोंदणीशिवाय लावता येत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तो कायदा उपाधीला संरक्षण देतो, काम करण्यावर बंदी घालत नाही. 'इंटिरिअर डिझायनर' या नावाला तर तेवढेही संरक्षण नाही, उद्या कोणीही पाटी लावू शकतो. अशा पाटीवाल्याने खोली मोठी करण्यासाठी बीमच्या खालची बाजू छिन्नीने खरवडलेली मी स्वतः पाहिली आहे; आतल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या आणि वर चार मजले राहते होते. म्हणून मला वाटते की आधी बी. आर्क. ही वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी करावी आणि मग अंतर्भागाकडे वळावे.

मापपट्टी :
बीमला हात लावायचा नाही हे आम्हांलाही पहिल्याच वर्षी शिकवतात. त्यासाठी प्रत्येकाने वास्तुविशारद व्हावे, हा तुमच्या व्यवसायाचा जुनाच आग्रह आहे.

ठाणेकर :
आपण सगळे शिक्षणाविषयी बोलत आहात, पण ग्राहकाला जे भोगावे लागते त्याविषयी कोणी बोलत नाही. आमच्या डिझायनरबाईंकडे पदवी होती. त्यांनी सांगितलेल्या दुकानातूनच आम्ही लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनेल सगळे घेतले. पुढे माझ्या मेव्हण्याने त्याच दुकानातून त्याच कंपनीचे लॅमिनेट प्रत्येक तावामागे बऱ्याच कमी भावात आणले, तेव्हा दुकानदाराने सरळ सांगितले की तुमच्या बिलात मॅडमचे कमिशन होते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रामाणिकपणाचा तास असतो का?

मापपट्टी :
एका व्यक्तीच्या वागण्यावरून सगळ्यांना चोर ठरवू नका. मी आजपर्यंत दुकानदाराकडून एक रुपया घेतलेला नाही आणि त्यामुळे माझी फी जास्त दिसते, म्हणून गेलेली कामे मी मोजत बसले तर रात्र पुरणार नाही. लोक मॉड्युलर किचनवर लाखो रुपये खर्च करतात आणि नकाशाचे पैसे मागितले की 'चार रेघांचे कसले पैसे?' असे विचारतात. ठाणेकर, आपण डिझाइनची वेगळी फी दिली होती का?

ठाणेकर :
नाही. त्यांनी मागितली नव्हती. डिझाइन मोफत आहे, असे पहिल्या भेटीतच सांगितले होते. मोफत म्हणजे काय, हे तेव्हाच विचारायला हवे होते, एवढे मी मान्य करतो. पण आम्ही आयुष्यात एकदाच घर करतो, त्या रोज करतात.

रंधा_पटाशी :
या एका मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने आहे, जरी मला ते फारसे आवडत नसले तरी. कमिशन मिस्त्रीही घेतात, माझ्या डोळ्यांदेखत घेतले आहे. मजुरी पाडून मागितली जाते, मग ती प्लायच्या दुकानात भरून निघते. पण कोटेशन कसे करावे, फी कशी मागावी, करारात काय लिहावे, हे महाविद्यालयात शिकवतात का?

मापपट्टी :
शेवटच्या वर्षी एक विषय असतो. आम्हांला तो एका निवृत्त गृहस्थांनी वहीतून वाचून दाखवला होता. माझी पहिली तीन कामे तोट्यात गेली. इथे तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागेल.

सांगलीची_आई :
मी हे सगळे वाचते आहे, कारण माझी मुलगी यंदा दहावी झाली आहे आणि तिला हेच करायचे आहे. सेप्ट आणि एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) ही नावे आम्हांला ऐकूनच माहीत आहेत. तिच्या वडिलांचे इलेक्ट्रिकचे दुकान आहे आणि अहमदाबादचा खर्च आम्हांला झेपणारा नाही. दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका असते, तिच्याविषयी कोणीच का लिहीत नाही?

रंधा_पटाशी :
वहिनी, पदविका करू द्या, पण दर सुट्टीत तिला साइटवर पाठवा. मुलगी म्हणून मिस्त्री पहिले आठ दिवस तिच्याकडे दुर्लक्ष करतील, तिने तरीही रोज जावे. कन्सील्ड पाइप भिंतीत कुठून नेतात ते झाकले जायच्या आधी डोळ्यांनी पाहावे. वायरिंग तर तिच्या घरातच शिकायला मिळेल.

मापपट्टी :
पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का, हे मात्र आधी त्या संस्थेत विचारून घ्या. संस्था निवडताना इमारत पाहू नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या वह्या मागून पाहा. त्यांत हाताने काढलेले, खोडलेले, पुन्हा काढलेले नकाशे असतील तर घाला, आणि नुसती संगणकावरची गुळगुळीत चित्रे असतील तर परत या. दुसरे वर्ष संपल्यावर तिला दोन महिने पुण्यात माझ्याकडे पाठवा. विद्यावेतन देईन, फुकट राबवून घेणे मला मान्य नाही.

रंधा_पटाशी :
आणि त्याआधी एक महिना कोल्हापुरात आमच्या वर्कशॉपमध्ये. ताव कसा कापतात ते शिकून मगच तिने पुण्याला जावे.

मापपट्टी :
चालेल. तुमच्याकडची कटिंगची वही तिच्याबरोबर पाठवा, मलाही पाहायची आहे.