पार्किंगमधला बिबट्या खरा की एआयचा? सल्ला हवा

घोडबंदरकर: मंडळी, मानपाड्याला राहतो. काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. वॉचमन खुर्चीत पेंगतोय आणि शेजारून बिबट्या निवांत चाललाय. आईने सकाळचं फिरणं बंद केलंय. येऊरचं जंगल पाठीशी, त्यामुळे "थाप आहे" असं ठामपणे सांगवतही नाही. तपासायला एखादं अ‍ॅप आहे का?

पाचपाखाडी_पांथस्थ: अ‍ॅपच्या नादी लागू नका. मी दोन वापरली. एकाच क्लिपला एक अस्सल म्हणतं, दुसरं बनावट. किती सेकंदांची आहे? गूगलच्या व्हिओची, म्हणजे एआयने व्हिडिओ बनवणाऱ्या साधनाची, क्लिप साधारण आठ सेकंदांची निघते. आणि गाड्यांच्या नंबरप्लेट बघा, थांबवून.

घोडबंदरकर: आठच! प्लेटवर एमएच ०४ कुठेच नाही, अक्षरं मुंग्यांसारखी वळवळतायत. भिंतीवरची पाटी तर ना मराठी ना इंग्रजी.

वाशीवाली: आज पाटी चुकली म्हणून सापडला. पूर्वी एआयचं चित्र ओळखायला हाताची बोटं मोजायला सांगायचे, आता पाचच असतात. मी आधी विचारते, काढला कुणी, कधी, कुठे? कारण अस्सल व्हिडिओही फसवतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या खरोखर शिरला होता. ते सीसीटीव्ही फुटेज कुणी "आत्ताचं" म्हणून पाठवलं तर डिटेक्टर काय करणार? स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये टाका, जुनं असेल तर बहुतेक वेळा बातमी सापडते. आणि बिबट्या खरंच दिसला तर ग्रुपवर नको, वनखात्याला १९२६ वर कळवा.

ऐरोलीकर: बिबट्या परवडला हो. आमच्या काकांनी शेअरच्या टिपा देणाऱ्या व्हिडिओवर चाळीस हजार घालवले. चेहरा ओळखीचा, आवाज तोच. २०२४ मध्ये एनएसईला, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराला, आपल्याच प्रमुखांच्या अशा खोट्या व्हिडिओंबद्दल इशारा द्यावा लागला होता. त्याच वर्षी जानेवारीत सचिनलाही गेमच्या जाहिरातीतला 'तो' मी नव्हे म्हणून सांगावं लागलं. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. काका लाजेपायी चार दिवस गप्प बसले, तिथेच घात झाला.

घोडबंदरकर: वाशीवाली, ग्रुपवर विचारलं, "कुठल्या विंगचं पार्किंग?" पाठवणाऱ्याला मेव्हण्याने दिलेला, मेव्हण्याला डोंबिवलीच्या ऑफिस ग्रुपवरून. आईला दाखवलं. म्हणाली, "हा खोटा असेल, म्हणून येऊरमध्ये बिबटे नाहीत असं थोडंच आहे?" आज फिरायला गेली, काठी घेऊन.