मदत हवी आहे: सेंद्रिय शेती खरंच सर्वांत शाश्वत का?

सेंद्रिय आणि रासायनिक शेतीची तुलना करतोय आणि एका जागी अडलोय. पर्यावरणावरच्या परिणामाचा हेक्टरी हिशेब केला की बहुतेक वेळा सेंद्रिय सरस ठरते. तोच हिशेब उत्पादनाच्या किलोमागे मांडला की चित्र फिरतं, कारण जमीन जास्त लागते. 2012 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या तुलनेत सेंद्रियचं उत्पादन परिस्थितीनुसार 5 ते 34 टक्के कमी निघालं होतं.

खरा घोळ नत्राचा. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे हेक्टरी 100 किलो नत्राला 20 टन शेणखत! ते देणाऱ्या जनावरांच्या चाऱ्याची जमीन कुणाच्या खात्यावर धरायची? हवेतलं नत्र मातीत आणणाऱ्या द्विदल पिकांचा फेरपालट धरून पाहिला, पण मग मुख्य पिकाचा एखादा हंगाम हातचा जातो. (बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, सेंद्रियातही मर्यादित प्रमाणात चालतं आणि त्यातलं तांबं मातीत साठत राहतं, यावर फारसं कुणी बोलत नाही.)

चव, आरोग्य, बाजारभाव हे मुद्दे कृपया नकोत. शून्य मशागत (न नांगरता पेरणी) किंवा एकात्मिक खत व्यवस्थापनाशी (सेंद्रिय आणि रासायनिक खतं मिळून) तुलना चालेल, उलट हवीच आहे. चाऱ्याची जमीन आणि फेरपालटाचा हंगाम दोन्ही धरून संपूर्ण पीकचक्राचा किलोमागचा हिशेब कसा मांडतात?