मदत हवी आहे : शाळेत रानभाज्यांची ओळख कशी करून द्यावी?

कर्जत तालुक्यातील आमच्या गावच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना पावसाळी रानभाज्यांची ओळख करून द्यायची आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी यांची चिंता नाही. खरी अडचण शेवळांची आहे, कारण निवडताना आतला पिवळा भाग काढला नाही आणि शिजवताना काकड या आंबट रानफळांचा किंवा चिंचेचा आंबटपणा घातला नाही, तर घसा खवखवतो. फोटोंचे तक्ते करून पाहिले, परंतु त्यांतून निवडण्याची रीत मुलांना कळत नाही. बाजारात भाजी विकणाऱ्या कातकरी मावशी शिकवायला तयार असून, त्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडणार असल्याने त्यांना मानधन देणे आम्हाला आवश्यक वाटते. मुलांना रानात नेण्याची परवानगी मात्र नाही. शाळेच्या आवारातच, ताज्या भाजीवरून, खाण्याजोग्या आणि टाळण्याजोग्या वनस्पतींतील फरक सुरक्षितपणे कसा शिकवावा?