स्वेटनमचं चोपडं आणि त्याला उत्तरं: पाऊण तासात काय वाचावं?

रत्नांग्रीचा_वाचक: रत्नागिरीच्या वाचनमंडळात पाऊण तास मिळालाय. इंग्रज लेखक जोसेफ स्वेटनमचं १६१५ चं स्त्रीनिंदेचं चोपडं आणि १६१७ ची तिन्ही उत्तरं मराठीतून ऐकवायची आहेत. सगळं मावत नाही. कात्री कुठे लावू? आणि त्यातल्या रेचल स्पेटच्या उत्तराचं शीर्षक 'अ मझल फॉर मेलास्टोमस', त्यातल्या 'मझल'ला काय म्हणू?

वेंगुर्लेकरीण: सगळ्याला कात्री लावत बसू नका, बरगडी धरा. बायबलात देव पहिल्या पुरुषाच्या, आदमच्या, बरगडीतून पहिली बाई घडवतो. स्वेटनम म्हणतो, बाई वाकड्या बरगडीतून घडली म्हणून स्वभावानेच वाकडी. स्पेट तीच बरगडी उचलते: देवाने तिला आदमच्या पायातून घडवली नाही, म्हणजे ती पायाखालची नव्हे, डोक्यातून नाही, म्हणजे डोक्यावरची नव्हे, कुशीतून, काळजाजवळून घडवली, म्हणून बरोबरीची. हे दोन उतारे लागोपाठ वाचा. नुसती निंदाच लांबवलीत तर लोक हसत बसतात आणि उत्तर फिकं पडतं.

मझल म्हणजे मुसकं. मळणीच्या बैलाने भातात तोंड घालू नये म्हणून बांधतात ते. 'मेलास्टोमस' म्हणजे काळतोंड्या. 'काळतोंड्याला मुसकं', झालं शीर्षक!

कुडाळचो_झील: तिन्ही उत्तरं बायकांचीच, असं बेधडक सांगू नका. स्पेट खरी: धर्मोपदेशकाची लेक, विशीच्या आसपासची, स्वतःच्या नावाने छापलेली. बाकीच्या दोन उत्तरांवरची एस्टर सोवरनम आणि कॉन्स्टॅन्शिया मुंडा ही टोपणनावं. आत बाई की बाप्या, अभ्यासकांत वाद आहे. 'सोवरनम' ही तर स्वेटनमवरची कोटी. त्याच्यात 'स्वीट' म्हणजे गोड, हिच्यात 'सावर' म्हणजे आंबट. मराठीत गोडबोल्याला आंबटबोले. तळटीप देऊ नका, कोटी मरते.

वेळ उरला तर १६२० चं 'हिक मुलिएर' घ्या, पुरुषी वेशातल्या बायकांवर झोडपणी. लॅटिनात 'मुलिएर' स्त्रीलिंगी, 'हिक' पुल्लिंगी. शीर्षकातच मुद्दाम केलेली चूक. 'ती स्त्री' लिहिलंत तर विनोद गेला. 'हा बाई' असंच ठेवा. लगोलग 'हेक-विर' आलं, 'ही बाप्या'.

त्याच साली स्वेटनमवरचं नाटकही छापलं गेलं. त्यात बायका त्याच्यावर खटला भरतात. तिथल्या रंगभूमीवर तेव्हा स्त्रीपात्रं मुलगेच करत, तेव्हा त्या बायकाही मुलगेच. दशावतार बघणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

वेंगुर्लेकरीण: मूळ छपाई बघणार असाल तर लांब 'एस' जवळजवळ 'एफ'सारखा दिसतो, आणि 'यू'-'व्ही' एकमेकांच्या जागी येतात. 'लव्ह' हा शब्द 'लोउए' वाचून कुणीतरी अडतंच.

रत्नांग्रीचा_वाचक: मग बरगडीला पंचवीस मिनिटं, 'हा बाई'ला दहा, उरलेली प्रश्नांना. आंबटबोले घेतो, गोडबोल्यांची माफी मागून.