मदत हवी आहे: मारुती ८०० (१९९८) गरम झाल्यावर आयडलला थरथरते, चोक ओढला की शांत होते

नमस्कार मंडळी,

गाडी कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग) मारुती ८००, १९९८ची. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. गाडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची. ते प्रतापनगरला रेल्वेत होते. प्लग काढणं, टॅपेटची फट बघणं मी त्यांच्याकडूनच शिकले. आता त्यांना ८३वं चालू आहे आणि आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. आमच्या गल्लीत घरापर्यंत येऊन परत वळणारी ही एकच गाडी, रुंदी जेमतेम १.४४ मीटर. "बेन, हवे वेची नाखो" हे गॅरेजात ऐकून झालंय, तेव्हा गाडी विकायचा सल्ला कृपया नको. मला ती नीट करायची आहे.

त्रास मार्चपासून आहे. सकाळी थंड असताना चोकवर (हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी मूठ) छान चालते. गरम झाली, चोक आत ढकलला, की आयडलला (गाडी उभी, रेस न देता इंजिन चालू) गचके सुरू. आतला आरसा इतका थरथरतो की मागच्या रिक्षाचा नंबर वाचता येत नाही. रेस दिली की थरथर जाते, रस्त्यावर तर काहीच तक्रार नाही. सिग्नलला थांबलं की पुन्हा तेच. लालबागच्या पुलाजवळ दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा अप्पा शेजारी बसलेले.

गॅरेजवाल्याने आयडलचा स्क्रू आवळून स्पीड वाढवून दिला. थरथर झाकली गेली, पण पहिला गिअर टाकताना गाडी झटका मारायला लागली. मी स्क्रू परत होता तिथे आणला. या गाडीला टॅकोमीटर नाही, त्यामुळे स्पीड कानानेच लावायला लागतो.

आतापर्यंत घरी केलेलं: तिन्ही प्लग नवीन, वायरी नवीन, डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटतो तो) कॅप आणि रोटर साफ, एअर फिल्टर नवीन. टॅपेट अप्पांनी खुर्चीवर बसून माझ्याकडून लावून घेतले. चावी फिरवली की कार्बोरेटरवरच्या सोलेनॉइडचा (आयडलचं पेट्रोल सुरू-बंद करणारी विजेची झडप) 'टक्' आवाज येतो. इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची वायर काढून पाहिली (जाड रबरी मूठ असलेल्या पकडीने, उघड्या हाताने कोणी करू नका). तिन्ही वेळा आवाज सारखाच पडतो. म्हणजे एखादा सिलिंडर मेलाय असं नाही, ठोका कधी या सिलिंडरचा चुकतो, कधी त्या. आणि कोणी विचारायच्या आत सांगते, ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी आलं तेव्हा गाडी उंचावर नेऊन ठेवली होती, पाणी लागलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात पीयूसीला गाडी नापास झाली. चिठ्ठीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल) १८४० पीपीएम. एवढ्या जुन्या गाडीला मर्यादा सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० आहे. पीयूसीवाला म्हणाला, पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर कमी करा. मला ते पटत नाही. पेट्रोल जास्त जात असतं तर सीओ चढला असता. इथे सीओ नावालाच आहे आणि एचसी भरमसाट, म्हणजे मिश्रण इतकं पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे की मधूनमधून पेटतच नाही आणि तसंच बाहेर पडतं. दुसरा पुरावा चोकचा. गरम इंजिनावर चोकची मूठ बोटभर ओढली की आरसा स्थिर होतो.

तर पातळ का? एक तर कुठूनतरी फुकटची हवा ओढली जातेय, किंवा हे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास, या मिश्रणाला साधारण १३.५. आमच्या कार्बोरेटरला ऑक्सिजन सेन्सर नाही, तो जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडणार. मिक्श्चर स्क्रू (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) अर्धा फेरा उघडून बघू का? की आधी कार्बोरेटर उतरवू? तो मी आजवर उतरवलेला नाही. उतरवला तर खालच्या पॅकिंगमध्ये नेमकं काय बघायचं?

प्रतिसाद, पुण्याहून

ताई, पीयूसीची चिठ्ठी तुम्ही बरोबर वाचलीत. मिक्श्चर स्क्रूला आत्ता हात लावू नका. हवा गळत असताना स्क्रू फिरवला तर एका चुकीवर दुसरी चूक बसते, मग मूळ जागा सापडत नाही.

इथेनॉलमुळे मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ होतं, पण ते सगळीकडे होतं. तसं असतं तर चढावर, ओव्हरटेक करतानाही गाडी अडखळली असती. तुमची फक्त आयडलला अडखळते. आयडलला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते आणि मॅनिफोल्डमधली (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणारा नळ) ओढ सगळ्यात जास्त. तेव्हा केसाएवढ्या फटीतून येणारी हवाही भारी पडते. रेस दिली की मुख्य वाटेने इतकी हवा येते की त्या फटीचं काही चालत नाही. म्हणून गळती शोधा.

फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी घ्या. इंजिन आयडलला ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्ड हेडला मिळतो तिथे थोडं थोडं मारा, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी सोडून. जिथे पाणी पडल्यावर आवाज क्षणभर बदलेल ती जागा. बरेच जण कार्ब क्लीनर मारतात, पण तो पेट घेतो. गरम एक्झॉस्ट शेजारीच असतो, नकोच ते. गाडी मोकळ्यावर ठेवा, बंद जागेत नको.

प्रतिसाद, इंदूरहून

ताई, एक नळी लोक विसरतात. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे करणारा भाग). कार्बोरेटरकडचं टोक काढा, तोंडाने हवा ओढा आणि जिभेने टोक बंद करा. जीभ चिकटून राहिली तर आतला पडदा शाबूत. सुटली तर एक तर पडदा फाटलाय किंवा नळी तडकलीय. आणि पेट्रोलच्या नळ्या किती जुन्या आहेत? इथेनॉल जुन्या रबराला खातं. पारदर्शक फिल्टरात काळे कण दिसले तर सगळ्या नळ्या बदला. हे काम आयडलपेक्षाही आधीचं, कारण तिथे पेट्रोल गळलं तर आग लागेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी बसले.

जीभ चिकटून राहिली, पडदा ठीक. पाण्याने काम केलं. मॅनिफोल्डपाशी काही नाही, पण कार्बोरेटरच्या बुडाशी, इंजिनाकडच्या कोपऱ्यात फवारा गेला आणि गचके एकदम थांबले, तीन-चार सेकंद. अप्पा आत गाडीत बसले होते, तिथूनच ओरडले, "तिथेच! परत मार!"

कार्बोरेटर उतरवला. आधी मोबाईलवर आठ-दहा फोटो काढले, पेट्रोलच्या नळीत बोल्ट खुपसून ती बंद केली. खालचा काळा इन्सुलेटर (कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधला उष्णता अडवणारा जाड तुकडा) वरून धड दिसत होता. अप्पांची स्टीलची पट्टी त्यावर उभी धरली तर मधोमध उजेड दिसला आणि फट मोजायचं ०.२० मिमीचं फिलरचं पातं आरपार गेलं. कार्बोरेटरचं बूडही नटांच्या कानांपाशी किंचित वाकलंय. कोणीतरी कधीतरी नट फार आवळलेत. इन्सुलेटर आणि दोन्ही पॅकिंग नवीन आणली. बुडासाठी जाड काचेवर पॉलिश पेपर पसरला, अप्पांनी काच धरली आणि मी कार्बोरेटरचं बूड त्यावर आठाच्या आकड्यात हलकेच घासत राहिले, पट्टीखालचा उजेड जाईपर्यंत. आतली भोकं कापडाने बंद केली होती, नाहीतर ती भुकटी आत जाते. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. टाकीकडची नळी दोन बोटांत दाबताच तडकली, इंदूरच्या दादांचं ऐकलं ते फार बरं झालं.

आता आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो. काल पीयूसी झाली, सीओ १.१, एचसी ५२०. मिक्श्चर स्क्रूला हात लावलेला नाही.

एकच उरलंय. गरम गाडी दहा मिनिटं बंद ठेवून परत सुरू केली की अर्धा मिनिट अडखळते, मग ठीक होते. फिजिओथेरपीच्या दारात दर वेळी हेच होतं. गरमीने कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून उडतंय का? तसं असेल तर पेट्रोलच्या नळीची वाट एक्झॉस्टपासून लांबून नेऊन, तिला उष्णतारोधक वेष्टन घालून कोणाला फरक पडलाय का?