दोन मिनिटांतच दम लागतो, आता नडगीही दुखतेय. चुकतंय कुठे?

प्रश्न (नवीधाव):
नमस्कार मंडळी. वय ४२, दिवसभर खुर्चीत बसून काम. शाळा सुटल्यापासून धावले नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी मनावर घेतलं आणि तेव्हापासून रोज सकाळी बाहेर पडतेय, एकही दिवस चुकवलेला नाही. पण घड्याळ लावून पाहिलं तर दोन मिनिटं झाली की छाती भात्यासारखी हलायला लागते आणि थांबावंच लागतं. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, आजही दोनच. त्यात चार दिवसांपासून डाव्या नडगीला आतल्या बाजूने दुखतंय. मला हे सोडायचं नाहीये. काय बदलू?

उत्तर (पाढेवाला):
ताई, आधी वेग कमी करा. तुमच्यात दम नाही असं नाही, आहे त्या दमाच्या मानाने तुम्ही फार जोरात सुटताय. धावता धावता बोलता आलं पाहिजे. मी ४७ व्या वर्षी सुरुवात केली तेव्हा सोबतीला कुणी नव्हतं, म्हणून पाढे म्हणायचो. सतराचा पाढा नीट म्हणता आला की वेग बरोबर. 'सतरा चोक'लाच श्वास तुटला, तर आणखी हळू. इतकं हळू की शेजारून भरभर चालणारा माणूस पुढे निघून जाईल. जाऊ द्या त्याला.

आणि रोज धावू नका, हे कळकळीने सांगतो. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सुट्टी. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, पण हाडं आणि कंडरा यांना महिने लागतात. दम वाढला म्हणून आपण जोर करतो आणि भोगावं लागतं पायांना.

जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आपल्या पन्नाशीतल्या आईला डोळ्यांपुढे ठेवून 'काउच टू फाइव्ह के', म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा, हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. पहिला आठवडा असा: ५ मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं आलटून पालटून. पाचव्या आठवड्याच्या शेवटी एकदम २० मिनिटं सलग धाव येते. तिथे मी अडकलो. तो आठवडा तीन वेळा केला, सगळं मिळून पंधरा आठवडे लागले. काही बिघडलं नाही.

उत्तर (पायवाट):
वरचं सगळं पटलं. मी फक्त नडगीचं सांगते, कारण मी ते अंगावर काढलं आणि पुढे तीन महिने घरी बसले. बोटांनी हाड दाबत खाली जा. वीतभर पट्टा हुळहुळत असेल, तर बहुधा अतिश्रमाचं दुखणं असतं, विश्रांतीने आणि धावणं कमी केल्याने उतरतं. पण एका बोटाखाली झाकेल एवढ्याच जागी कळ येत असेल, रात्री किंवा बसल्या जागी ठणकत असेल, किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल, तर धावणं बंद करून आधी डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते.

बुटांचं फार मनावर घेऊ नका. अंगठ्यापुढे बोटभर जागा आणि पहिल्या पावलापासून आराम, एवढं बघा.

नवीधाव:
दोघांचे मनापासून आभार. दाबून पाहिलं, पट्टाच आहे, रात्री दुखत नाही. दहा दिवस नुसतं चालले, दुखणं गेलं, मग ६० आणि ९० चं सुरू केलं. आज तिसरी खेप झाली. आठही वेळा पूर्ण ६० सेकंद धावले आणि शेवटच्या धावेत सतराचा पाढा 'सतरा नव्वे'पर्यंत गेला. पाढेवाला दादा, पुढच्या आठवड्यात ९० सेकंदांची धाव आहे. हाच आठवडा आणखी एकदा करू का, की पुढे जाऊ?

पाढेवाला:
नडगी गप्प आहे ना? मग पुढे जा. परवा, उद्या नाही.