आईच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी फोटोंची छोटी पुस्तकं करतेय, चिकट अल्बममधून फोटो कसे सोडवू?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आम्ही पाच भावंडं. प्रत्येकाला तळहातावर मावेल असं घरच्या फोटोंचं पुस्तक करून द्यायचं मी डोक्यात घेतलंय. "छापील फोटोबुक मिळतं की, दे ऑर्डर" हे चौघांनीही सांगून झालंय, तेव्हा तो सल्ला कृपया इथे नको. मला हाताने करायचंय.

ऐवज दोन अल्बमांत आहे. पहिला काळ्या जाड पानांचा, मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला तो कुरकुरीत पातळ कागद. यातले फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवलेत, ते सहज निघतात. बहुतेक दादांच्या अग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले (दादा म्हणजे माझे वडील). एका रोलमध्ये बारा फोटो, आणि प्रिंटही निगेटिव्हच्याच मापाचा, सव्वादोन इंची चौकोन. माणसं मुंगीएवढी. मोठ्या पानावर लावले तर हरवूनच जातात, म्हणून तर छोटं पुस्तक सुचलं.

दुसरा अल्बम ऐंशीच्या दशकातला. पानावर चिकट रेघा आणि वरून प्लॅस्टिकचा पापुद्रा असायचा ना, तो. तेव्हा केवढं कौतुक होतं त्याचं! आता पानं पिवळी पडलीत, रंगीत फोटो लालसर झालेत आणि पानाला घट्ट बसलेत. मी शहाणपणा करून आत्याच्या लग्नातला एक ओढला. आत्याची अर्धी हनुवटी अल्बममध्येच राहिली. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

पुस्तकाचा नमुना म्हणून स्टेशनरीच्या दुकानातल्या जाड कार्डशीटला घड्या घालून पाहिल्या, तर घडीवर कागद फुटला, भाकरीच्या कडेसारखा. पांढऱ्या गोंदाने एक प्रिंट चिकटवला, तोही सुरकुतला.

एका फोटोवर माझा विशेष जीव आहे. दादा कोयना प्रकल्पावर होते, कोयनानगरच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला, त्यानंतरचे काही दिवस सगळे तंबूत होते. त्या तंबूसमोर आई उभी आहे, कडेवर मोठा भाऊ, बाजूला दोन बायका. आईच्या अंगावर कुणाचा तरी पुरुषी कोट आहे. मागे काहीही लिहिलेलं नाही. तो मला पहिल्या पानावर हवाय. कुठून सुरुवात करू?

पुठ्ठा_आणि_खळ

ताई, आधी त्या चिकट अल्बमपासून हात लांब ठेवा. पहिलं काम, प्लॅस्टिक उचलून फोटो पानावर असतानाच ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या. सोडवताना फाटला तरी चेहरा हातात राहील. आत्यांचा अनुभव आहेच.

मग दात साफ करायचा फ्लॉस आणा, मेण न लावलेला. दोन्ही हातांत ताणून धरायचा आणि फोटोच्या पाठीमागून करवतीसारखा हळूहळू सरकवायचा. फोटो वाकवायचा नाही, फ्लॉसनेच चिकटा कापत जायचं. एका फोटोला दहा मिनिटं लागली तर लागू द्यात. फारच अडला तर भोवतीने पानच कापा आणि पाठीवरच्या कागदासकट फोटो ठेवून द्या. पुस्तकात तशीही प्रतच लावायची आहे, मूळ फोटो नाही. मूळ फोटोला कात्री लावणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही.

कार्डशीट का फुटली? यंत्रावर तयार झालेल्या कागदाला दिशा असते, त्याचे तंतू एकाच बाजूला लोळलेले असतात. शीट हलकेच दोन्हीकडे वाकवून पाहा, एका बाजूला ती मुकाट वळते, दुसऱ्या बाजूला अडते. घडी मुकाट वळणाऱ्या बाजूलाच घालायची. तुम्ही आडवी घातलीत. हाताने केलेल्या कागदात ही भानगड जवळपास नसतेच. पुण्यात कुणाचं जाणंयेणं असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणवा.

पुस्तक शिवू नका. शिवलेल्या पुस्तकात फोटो चिकटवले की पानं जाड होतात आणि पुठ्ठा मगरीसारखा आ वासतो. तुम्हाला पाहिजे घडीचं पुस्तक, एक लांब पट्टी पंख्यासारखी मागेपुढे दुमडलेली, दोन्ही टोकांना पुठ्ठा. हिशेब सांगतो. २२ बाय ३० इंची ताव म्हणजे साधारण ५६ बाय ७६ सेंटिमीटर. त्यातून १० सेंटिमीटर रुंदीच्या पाच लांब पट्ट्या निघतात, ओबडधोबड कडा कापून टाकल्या तरी. एका पट्टीत १० सेंटिमीटरची सात पानं आणि वर दीड सेंटिमीटर जोडासाठी. दोन पट्ट्या जोडल्या की चौदा पानं. पाच पुस्तकांना दहा पट्ट्या, म्हणजे दोन ताव. तीन आणा, एक चुकायला. सव्वादोन इंची फोटो १० सेंटिमीटरच्या पानावर छान श्वास घेतो आणि खाली दोन ओळी लिहायला जागा उरते.

चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, तीही फक्त जोडाला आणि पुठ्ठ्याला. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. फोटोच्या जवळ मी ते येऊ देत नाही. फोटोला गोंदच लावू नका, कागदाचे कोपरे करून त्यात बसवा. काळ्या अल्बमवाल्यांना हे पन्नास वर्षांपूर्वी कळत होतं, चिकट अल्बम आला आणि सगळे विसरले.

उनाड_पक्षी

स्कॅन केलेत ना? मग फॅमिली ग्रुपवर टाका आणि मोकळ्या व्हा. फेब्रुवारीपर्यंत बोटं कापून घेऊ नका. :)

कोयनाकाठ

ग्रुपवर तंबूचा फोटो मागच्या दिवाळीत टाकला होता. सतरा अंगठे आले. त्या दोन बायका कोण, हे एकानेही विचारलं नाही.

जर्सीवाली_शुभ्रा

अगं, मी इथे पंधरा वर्षं स्क्रॅपबुकं करते, बारा बाय बारा इंचांची पानं, पंच, स्टिकर, रिबिनी, सगळा संसार आहे माझ्याकडे. मुलाच्या मुंजीचं पान करायला तीन रात्री घालवल्या. आता उघडून बघते तर कडेने सोनेरी वेलबुट्टी आहे, पण मुंज कुठल्या हॉलमध्ये झाली ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि मातृभोजनाला शेजारी बसलेला तो मुलगा कोणाचा, ते मला आठवत नाही गं!

म्हणून सांगते, कापाकापीच्या आधी आईंसमोर फोटो ठेव आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून बाजूला सार. "हे कोण?" असं विचारू नकोस, परीक्षेसारखं होतं, म्हातारी माणसं बावरतात. "हा कोट कोणाचा गं?" असं काहीतरी विचार. मग आई जे बोलतील तेच त्यांच्या शब्दांत पानावर उतरव. मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनेच लिही, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो.

सजावट एकच कर, वरच्या पुठ्ठ्याला आईंच्या जुन्या साडीचं कापड. बाकी काही नको.

पुठ्ठा_आणि_खळ

साडीचं कापड सरळ पुठ्ठ्याला लावू नका, खळ आरपार येऊन डाग पडतात. आधी कापडाच्या मागे पातळ कागद चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग पुठ्ठ्यावर चढवा. वर पोळपाट आणि त्यावर तांदळाचा डबा, रात्रभर.

कोयनाकाठ

दीड महिन्याने परत आलेय. फ्लॉसने एकोणीस फोटो सुटले, दोन अडले, ते पानासकट कापून ठेवले. प्रती लॅबमधून मॅट कागदावर काढल्या. ४ बाय ६ च्या एका प्रिंटवर सव्वादोन इंची दोन बसतात, त्यामुळे चौदा फोटोंच्या पाच प्रती पस्तीस प्रिंटांत उरकल्या. पहिल्या पुस्तकाचा जोड उलटा लावला. काका, तिसरा ताव लागलाच.

शुभ्रा, कोटाचं विचारलं. आई आधी म्हणाली, "आठवत नाही बाई." भाजी निवडत बसली. मग दहा मिनिटांनी आपणहून म्हणाली, "पांघरुणं ढिगाऱ्याखाली गेलेली. तो कोट वर्कशॉपमधल्या फिटरचा. परत द्यायला गेले तर घेईना, म्हणाला लेकराला असू दे." त्या दोघींतली डावीकडची फिटरची बायको. उजवीकडचीचं नाव आईलाही ठाऊक नाही, "पण चूल तिचीच होती, तीन तंबूंची भाकरी तिच्या चुलीवर व्हायची." रेकॉर्डिंग चव्वेचाळीस मिनिटांचं झालं. त्यातली वीस मिनिटं भाजीवाल्याबद्दल आहेत.

पहिल्या पानावर आईचे हे शब्द, फोटोच्या खाली, माझ्या अक्षरात. बाहेरून तिच्या हिरव्या इरकलीचं कापड. कापडाच्या मागे कागद लावूनही एका ठिकाणी डाग आला, तिथे साडीचा काठ फिरवला.

आता नवीन लफडं. तयार झालेलं पहिलं पुस्तक आईला दाखवायला दिलं आणि मी चहा टाकायला आत गेले. परत आले तर तिने सहाव्या पानावरचं "कराड" बॉलपेनने खोडून वर "पाटण" लिहिलं होतं, आणि नवव्या पानावर मावशीच्या फोटोखाली "ही तेव्हा रुसली होती" अशी भर घातली होती. आता उरलेल्या चारांतही तिच्याकडूनच खोडून घ्यावं की मी नीट दुरुस्त करून द्यावं, यावर घरात दोन तट पडलेत. काका, हातकागदावर बॉलपेनची शाई मागच्या बाजूला फुटत नाही ना?